पाणी कुणाचं, नाव कुणाचं, मैदान कुणाचं?

गहुंजेच्या स्टेडियमचं पुढं काय करायचं, ह्यावरून पुण्यातले क्रिकेटशौकीन एकमेकांची डोकी फोडायला निघालेत. कुणी म्हणतं, पुण्याला स्वतःची कायमची आयपीएल टीम पाहिजे. कुणी म्हणतं, स्वतःची नसेल तर दुसऱ्या गावची आणा, पण गवत रिकामं ठेवू नका. बेंगळुरूत ४ जून २०२५ ला विजयाच्या जल्लोषात चेंगराचेंगरी झाली, ११ माणसं मेली. त्यानंतर तिथली टीम गहुंजेत येणार का, ह्याच्या बाता पेपरात रंगल्या. माणसं कशी मेली ह्याच्यापेक्षा मॅच कुठं जाणार ह्याचीच काळजी जास्त. कुणी म्हणतं, स्टेडियम शहरापासून लांब आहे, आणखी गाड्या सोडा. कुणी म्हणतं, छप्पर टाका. नि हे सगळे, एकमेकांच्या उरावर बसलेले असताना, एका वाक्यावर मात्र एक होतात: खेळात राजकारण नको.

ह्या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसलोय.

मी मावळातला. दहावी पास. बंदरात कंत्राटावर कंटेनर भरतो नि उपसतो. उरलेल्या वेळात कविता लिहितो, ज्या मुकादमाला कळत नाहीत म्हणून अजून कामावर आहे. पंधरा दिवसांनी गावाकडं येतो. मुंबईहून लोणावळ्याला, तिथून पुण्याची लोकल. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. ह्या लोकलमध्ये जेवढं क्रिकेट बोललं जातं तेवढं बोर्डाच्या बैठकीतही बोललं जात नसेल. तेव्हा मला कुणी क्रिकेट शिकवू नये. नि राजकारण तर मुळीच शिकवू नये. ते मी जन्माला आलो त्या दिवशी वस्तीच्या नळावर शिकलोय.

राजकारण नको म्हणे!

गहुंजेच्या स्टेडियमचं उद्घाटन १ एप्रिल २०१२ ला शरद पवारांच्या हातून झालं. त्या वेळी ते जागतिक क्रिकेटचे, म्हणजे आयसीसीचे अध्यक्ष होते. नि त्याच वेळी ह्या देशाचे कृषिमंत्री होते. चेंडूही त्यांच्याच हातात, नांगरही त्यांच्याच हातात. हे राजकारण नव्हतं. २०२१ च्या फेब्रुवारीत मोटेराच्या स्टेडियमला गादीवर बसलेल्या पंतप्रधानाचं नाव दिलं, माणूस जिवंत, खुर्चीत, नि नाव भिंतीवर. हे राजकारण नव्हतं. देशाच्या गृहमंत्र्याचा मुलगा २०१९ ला क्रिकेट बोर्डाचा सचिव झाला नि २०२४ च्या डिसेंबरात जगाच्या क्रिकेटचा अध्यक्ष झाला. हेही राजकारण नव्हतं, ही गुणवत्ता होती. २०२३ ला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं अध्यक्षपद पवारांच्याच घराण्यातल्या एका आमदाराकडं आलं. ती समाजसेवा. दिल्लीत ते एकमेकांना शिव्या देतात, बारामतीत एकमेकांची पोस्टरं फाडतात, नि क्रिकेटच्या बैठकीत एकाच टेबलाला बसून काजू खातात. ह्याला खेळाडू वृत्ती म्हणतात.

पण मावळातला एखादा माणूस उभा राहून म्हणाला, की बाबांनो, ह्या हिरव्या गवताला पाणी कुठून येतं? तर लगेच, च्यायला, खेळात राजकारण आणू नका!

म्हणजे वरून येतं ते शासन. खालून येतं ते राजकारण. असा हा तुमचा व्याकरणाचा नियम आहे.

आता पाण्याचंच बोलू.

९ ऑगस्ट २०११. क्रांतिदिन. मावळातले शेतकरी बऊरजवळ एक्सप्रेसवेवर उतरले होते. प्रश्न पवना धरणाच्या पाण्याचा. धरणातून पाणी नदीत सुटतं, नदीकाठच्या गावांना भिजवत खाली रावेतला जातं, तिथून पिंपरी-चिंचवड ते उचलतं. सरकारला मधली नदीच नको होती. थेट धरणापासून निगडीपर्यंत बंद नळ टाकायचा होता. नळ बंद म्हणजे वाटेतल्या गावांची तोंडंही बंद. लोक रस्त्यावर आले नि पोलिसांनी गोळी घातली. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे. तीन माणसं मेली. धरण मावळात, नदी मावळात, नि मावळच्याच माणसांनी पाणी मागितल्यावर त्यांना शिसं दिलं.

ह्याच एक्सप्रेसवेनं पुण्याकडं निघालात की पुढं गहुंजेचं स्टेडियम दिसतं. बऊरच्या डांबरावर रक्त सांडल्याला आठ महिने पुरे व्हायच्या आत इथं फीत कापली गेली. त्या वेळी ज्यांचा पुतण्या राज्याचा उपमुख्यमंत्री नि पुणे जिल्ह्याचा पालकमंत्री होता, त्याच काकांच्या हातात कात्री होती. हे मी रचत नाही, तारखा बोलतायत.

पण थांबा, दुसऱ्यांनी टाळ्या वाजवायचं कारण नाही. गोळी चालली तेव्हा भाजप नि शिवसेना विरोधात होत्या. मावळच्या दुःखानं त्यांचे डोळे धरणासारखे भरले होते. २०१९ च्या लोकसभेला त्याच गोळीबाराची आठवण गावोगाव काढून त्यांनी पवारांचा तिसऱ्या पिढीचा उमेदवार इथं पाडला. बरं केलं. नि पुढं? २०२३ ला राज्यात जे सरकार होतं, त्यात भाजप होता, शिंद्यांची सेना होती, नि ज्यांच्या काळात गोळी चालली ते अजित पवारही होते. सगळे एकाच पंगतीला. नि त्याच सरकारनं, त्याच वर्षी, त्या बंद नळावरची १२ वर्षांची स्थगिती उठवली! मारणारा नि रडणारा एका ताटात जेवला नि ताट आमच्या पाण्यानं धुतलं. ह्याला म्हणतात राष्ट्रीय राजकारण. ते दिल्लीत कमी नि मावळात जास्त कळतं.

पवना ही काही पहिली नाही. लोणावळा, वळवण, शिरवता इथली तळी टाटांनी बांधली, पाणी घाटाखाली खोपोलीला सोडलं नि १९१५ पासून त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२१ ला मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी धरण झालंच. पवना धरण झालं नि त्यातले उठवलेले लोक जमिनीच्या बदल्यात जमीन मागत म्हातारे झाले, त्यांची पोरं मोर्चे काढत राहिली. म्हणजे आमच्या डोंगरावर पाऊस पडतो नि उजेड दुसरीकडं पडतो. शंभर वर्षं हेच चाललंय. आम्ही त्या पाण्याच्या मागोमाग घाट उतरलो नि मुंबईत हमाल झालो.

आता तुमच्या लाडक्या मॅचकडं येतो.

२०१६ च्या एप्रिलात महाराष्ट्रात दुष्काळ होता. लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं. मुंबई हायकोर्टानं हुकूम दिला, एप्रिलनंतरच्या आयपीएल मॅचेस राज्याबाहेर न्या. पुण्याची त्या वेळची टीम उचलून विशाखापट्टणमला नेली. चाहते रडले. एकानं लोकलमध्ये मला सांगितलं, "अरे, गवताला घातलेलं पाणी काय लातूरला जाणार होतं का?" मी म्हणालो, "काका, नसेल जाणार. पण लातूरच्या बाईनं टीव्हीवर काय बघायचं? तिच्या घागरीवर माशी नि तुमच्या पिचवर फवारा?" काका म्हणाले, "तू कम्युनिस्ट आहेस." हा मावळातला नेहमीचा शेवटचा ओव्हर. उत्तर संपलं की तू कम्युनिस्ट, तू नक्षल, तू अमका.

२०१८ ची गंमत तर ऐकाच. तमिळनाडूत कावेरीच्या पाण्यासाठी आंदोलन पेटलं. चेन्नईच्या मैदानात मॅच चालू असताना बूट फेकला गेला. बोर्ड घाबरलं नि चेन्नईची टीम उचलून गहुंजेत आणून ठेवली. चेन्नईहून खास रेल्वेगाडी करून चाहते आणले, पिवळे झेंडे, शिट्ट्या, पुण्यात दिवाळी! नि त्याच एप्रिलात मुंबई हायकोर्टानं सांगितलं की पवनेचं पाणी ह्या स्टेडियमला देता येणार नाही. कागदावर ते पाणी औद्योगिक वापराचं होतं! गवत हा कुठला उद्योग, असा प्रश्न न्यायाधीशांना पडला. आम्हाला पडला नव्हता. आम्हाला ठाऊक होतं, हा धंदाच आहे, कागदावर त्यांनी पहिल्यांदा खरं लिहिलं.

एका नदीच्या भांडणातून पळालेली मॅच दुसऱ्या नदीच्या भांडणात येऊन पडली. कावेरीनं हाकललं, पवनेनं अडवलं. ह्या देशात कुठंही मॅच न्या, खाली पाणी निघतं नि पाण्याखाली माणूस निघतो. आता सांगा मला, राजकारण खेळात कुणी आणलं? ते पिचच्या खाली होतंच. तुम्ही त्याच्यावर रोलर फिरवला.

नि २४ ऑक्टोबर २०२४. न्यूझीलंडविरुद्ध कसोटी, पहिला दिवस. ऊन रणरणतंय, बऱ्याचशा स्टँडवर छप्पर नाही. हजारो लोक आत. नि जेवणाच्या सुट्टीत लोक पाणी प्यायला उठले तर पाणी नाही! तिकीट आहे, पाणी नाही. झेंडा आहे, पाणी नाही. कंपन्यांच्या पाट्या गोल गोल फिरतायत, पाणी नाही. तेव्हा त्या सभ्य, राजकारण न करणाऱ्या, कर भरणाऱ्या लोकांनी काय केलं? घोषणा दिल्या! असोसिएशन मुर्दाबाद! असोसिएशननं माफी मागितली, पाणी आलं.

मला ह्यात आनंद नाही. तहानलेल्या माणसाला हसणारा माणूस माझ्या जातीचा नाही. आम्ही पाण्याची माणसं आहोत, २० मार्च १९२७ ला महाडला तळ्यावर चालत गेलेली. पण मी विचारतो: दोन तास पाणी मिळालं नाही तर तुम्ही घोषणा दिल्यात. मग बऊरला लोकांनी दिल्या तेव्हा ते राजकारण कसं झालं? तुम्हाला पाण्याच्या बदल्यात माफी मिळाली. त्यांना गोळी का मिळाली? तुमच्या तिकिटावर नंबर होता म्हणून? आमच्या सात-बाऱ्यावर नव्हता म्हणून?

बंदरात जिथं मी काम करतो तिथं एक कंत्राटदार होता. पाळीला चाळीस माणसं नि पाण्याचा एक जार. दुपारी तो संपला की म्हणायचा, पाणी घरून आणा. लोखंडी डब्याच्या आत मे महिन्यात उभं राहून बघा, मग स्टँडच्या उन्हाचं कौतुक कमी होईल. आम्ही एक दिवस आकडे खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी चार जार आले. एवढंच राजकारण असतं हो. हात खाली ठेवायचा, म्हणजे वरच्याचं लक्ष खाली जातं.

आता नावाचं.

स्टेडियम उघडलं तेव्हा त्याच्यावर सहाराच्या सुब्रत रॉयचं नाव होतं. नावाचा सौदा २०० कोटींच्या वरचा. नाव लागलं, पैसे थकले, २०१३ ला नाव उतरवलं. २०१४ च्या फेब्रुवारीत हा माणूस गरीब ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात अटकेत गेला. त्याच्या कंपनीत पैसे कुणाचे होते? पानवाल्याचे, हातगाडीवाल्याचे, धुणंभांडी करणाऱ्या बायांचे. त्यांचं नाव कुठल्या भिंतीवर लागलं नाही. नि पुण्याच्या दोन टीमा? एक सहाराची, २०१३ ला गुंडाळली. दुसरी, चेन्नई नि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले म्हणून उगवली, २०१७ च्या फायनलमध्ये एका रनानं हरली नि संपली. शेजाऱ्याच्या सुतकात आलेला पाहुणा. त्याच्यासाठी लोक अजून गळे काढतात.

मळवली स्टेशनला उतरा नि भाज्याच्या लेण्यांकडं चढा. दगडात पाण्याच्या टाक्या कोरल्यात. त्यांना जुन्या भाषेत पोढी म्हणत. एका पोढीवर लेख आहे, महारथी कोसिकीपुत्र विण्हुदत्तानं हे दान दिलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस. सरदारच होता, आपल्या वस्तीतला नव्हता. पण रीत बघा: आधी दगड फोडला, आधी पाणी साठवलं, भिक्खूंची तहान भागवली, नि मग नाव कोरलं. गहुंजेत आधी नाव लावलं, पैसे थकवले, नि पाण्याची तर बोंबच. ज्या मावळात नाव कसं लावावं हे दगडावर लिहून ठेवलंय, तिथं हे लोक नाव विकायला बसतात!

मग नाव कुणाचं लावायचं? सांगतो.

पाळवणकर बाळू.

पुण्यातल्या किती क्रिकेटशौकिनांना हे नाव ठाऊक आहे? टीमच्या कोचच्या कुत्र्याचं नाव ठाऊक असतं. बाळू चांभार समाजातला. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर पिच झाडायचा, रोलर फिरवायचा, जाळी बांधायचा. तिथं ग्रेग नावाचा इंग्रज बॅट्समन त्याला तासन्‌तास बॉलिंग करायला लावायचा. बॅट मात्र बाळूच्या हातात कुणी दिली नाही. बॉल टाकणं म्हणजे कष्ट, ते आपलं. बॅट म्हणजे मान, तो त्यांचा. त्या कष्टातून देशातला पहिला मोठा डावरा स्पिनर तयार झाला. मग पुण्याच्या हिंदूंना त्याची गरज पडली. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू पाहिजे! मैदानात तोच चेंडू त्याच्या हातून ब्राह्मण फील्डरच्या हातात जायचा तेव्हा बाटत नव्हता. चहाच्या वेळी बाटायचा. बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९११ ला हिंदुस्थानची टीम इंग्लंडला गेली, त्यानं ११४ बळी घेतले. परत आल्यावर कॅप्टन केला? नाही. वर्षानुवर्षं नाही. १९२० ला ह्या अन्यायावर त्याचे भाऊ विठ्ठल नि शिवराम टीममधून बाहेर पडले. त्यांनी हात खाली ठेवला! नि १९२३ ला विठ्ठलला हिंदूंचा कॅप्टन करावं लागलं. खेळात राजकारण नको म्हणणाऱ्यांनो, हा निर्णय कुठल्या नेट प्रॅक्टिसनं झाला?

आता आपल्याच काही मित्रांचा आवाज येतोय. बाळू? तो तर १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसकडून उभा राहिला होता! पुणे करारावर त्याची सही आहे!

होय. उभा राहिला. नि पडला. बरं झालं पडला, आपल्या बापजाद्यांनी मत कुणाला द्यायचं ते ओळखलं होतं. ते झाकून ठेवायचं कारण नाही. उलट तेच मोठ्यानं सांगितलं पाहिजे. ज्या लोकांनी त्याला पॅव्हेलियनबाहेर चहा पाजला, त्यांनीच बाबासाहेबांना पाडायला त्याचंच नाव पुढं केलं. कॅप्टनपद द्यायची वेळ आली तेव्हा तो चांभार होता, मतं फोडायची वेळ आली तेव्हा तो हिंदूंचा हिरो झाला. हीच चाल आजही चालते. आपल्यातला एखादा चमकतो, त्याला उचलायचं, माळ घालायची नि आपल्याच अंगावर सोडायचा. बाळूचं नाव स्टेडियमवर लागलं तर हा सगळा इतिहास त्या भिंतीवर लागेल, मातीच्या भांड्यासकट नि पडलेल्या निवडणुकीसकट. आपल्याला देव नको आहेत, पुरावे पाहिजेत. नि हे विसरू नका, त्याच बाळूचा सत्कार तरुण आंबेडकरांनी केला होता. बाबासाहेबांना माणसाचा घाम नि माणसाचा पक्ष ह्यांतला फरक कळत होता. आपल्याला कळायला काय हरकत आहे?

दुसरे मित्र आणखी डावीकडून येतात. म्हणतात, क्रिकेट ही भांडवलदारांची अफू. स्टेडियमच पाडा, तिथं भात लावा.

पाडा म्हणणं सोपं आहे. पण सांगा, १४ एप्रिलच्या आसपास कुठल्या वस्तीत टेनिस बॉलची स्पर्धा नसते? निळी झालर, बॅटरीवरचा स्पीकर, पहिलं बक्षीस बोकड. खडकाळ उतारावर, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला रेल्वेचं कुंपण, तिथं आमची पोरं डोळे मिटून यॉर्कर टाकतात. ती अफू खाऊन टाकत नाहीत, उपाशी टाकतात. माझा चुलता अजून सांगतो, २९ फेब्रुवारी १९९६, पुण्याचं नेहरू स्टेडियम, वर्ल्ड कप. केनियाच्या काळ्या पोरांनी वेस्ट इंडीजला ९३ मध्ये गुंडाळलं. ज्यांना कुणी मोजत नव्हतं त्यांनी राजांना उठवलं. तो दिवस आमच्या घरात सणासारखा सांगितला जातो. हा आनंद मी कुणाच्या पोथीसाठी सोडणार नाही. ज्या खेळाचं पिच आपल्या माणसानं झाडलं, तो खेळ आपला आहे. चोरानं घर बळकावलं म्हणून आपण घराला आग लावत नाही, चोराला बाहेर काढतो.

म्हणून मी स्टेडियम पाडायला सांगत नाही. मी ते मागतोय.

पुण्याच्या शौकिनांनो, तुम्ही मोटारीनं येता नि रात्री अकराला निघून जाता. मागं प्लॅस्टिकच्या बाटल्या, झेंडे, खरकटं राहतं. ते उचलायला कुठल्या वस्तीतली माणसं वाकतात ते एकदा थांबून बघा. २०२१ च्या मार्चमध्ये कोविडमुळं प्रेक्षकांना बंदी होती तेव्हा मॅच डोंगरावरून बघितल्याचे फोटो तुम्ही कौतुकानं एकमेकांना दाखवलेत. आमच्यातली पोरं प्रत्येक मॅच तशीच बघतात. लांबून. कोविड त्यांना जन्मापासून आहे.

तेव्हा स्टेडियमच्या भवितव्याची चर्चा करायचीच असेल तर ह्यावर करा:

गहुंजेच्या दारावर पाण्याचा हिशेब लिहा. किती पाणी आलं, कुठून आलं, गवताला किती गेलं. शहराचं सांडपाणी शुद्ध करून तेच मैदानाला वापरा. पवनेचा थेंब आधी माणसाला नि शेताला. नि स्टेडियमच्या आत पिण्याचं पाणी फुकट, प्रत्येक स्टँडला, प्रत्येक मॅचला.

पवनेच्या बंद नळाचा निर्णय मंत्रालयात नाही, नदीकाठच्या ग्रामसभांत होईल. तोवर एक फूट पाइप जमिनीत जाता कामा नये.

मैदान राखणारे, झाडणारे, जाळी बांधणारे कायम करा. ग्राउंड्समनच्या हातात बॅटही द्या. त्यांच्यात एखादा बाळू असेल.

मावळच्या शाळांतल्या पोरापोरींसाठी एक स्टँड राखून ठेवा. राखीव हा शब्द ऐकून पोटात दुखत असेल तर दुखू द्या. व्हीआयपी बॉक्स पहिल्या दिवसापासून राखीवच आहे, त्यावर कुणी गुणवत्तेचा प्रश्न काढला नाही.

नि स्टेडियमला नाव द्या पाळवणकर बाळूचं. आतल्या भिंतीवर तीन नावं कोरा: कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे. देहूरोडला, गहुंजेच्या शेजारीच, २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धाची मूर्ती बसवली. ह्या मातीला नावं कशी बसवतात ते ठाऊक आहे. विकत घेतलेली टिकत नाहीत.

वस्तीतल्या पोरांनो, आता तुमच्याशी. पुढच्या मॅचला तिकिटाला पैसे असोत नसोत, गहुंजेच्या रस्त्यावर या. कोऱ्या पुठ्ठ्यावर कोळशानं लिहा: पाणी कुणाचं? नि उभे राहा. मॅच बघायला येणारा प्रत्येक जण ते वाचेल. निम्मे शिव्या देतील, निम्मे मान खाली घालतील, एखादा गाडीतून उतरून विचारेल. त्या एखाद्याला बऊर कुठं आहे ते सांगा. ह्याच रस्त्यावर आहे म्हणावं. जाताना थांबा.